राष्ट्रीय संघाची पूर्वतयारी

विश्वचषकापूर्वीच्या शिबिरातच राष्ट्रीय फुटबॉल संघ घडतो, असा समज सर्वत्र रूढ आहे, आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहता तो स्वाभाविकही म्हणावा लागेल. वस्तुतः खेळाडू वर्षभर आपापल्या क्लबच्या चाकरीत असतात; 'फिफा' (जागतिक फुटबॉल महासंघ) ठरवून देईल त्या 'विंडो'पुरतेच (क्लबने खेळाडू राष्ट्रीय संघाच्या हवाली करण्याची मुदत) ते राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या वाट्याला येतात. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात व्यापारी माल पारखतो, निवडतो, परंतु तिखटपणा शेतातच उतरलेला असतो. प्रशिक्षकाचेही तसेच आहे. २०२२ मध्ये युरोपातील मोठ्या क्लबांचे सामने १३ नोव्हेंबरपर्यंत चालले आणि २० तारखेस कतारमध्ये विश्वचषक सुरू झाला. एवढ्या अवधीत नवे कौशल्य शिकविणे अशक्यप्राय असल्याने व्यूहरचना, विश्रांती आणि प्रतिपक्षाचा अभ्यास यांवरच भर राहतो. अपवाद कुमारांचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी यजमान भारताने मुलांना प्रदीर्घ काळ एकत्र ठेवून तालीम दिली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांतलाच. तो संघ तिन्ही सामने हरला; तथापि कोलंबियाविरुद्ध जेक्सन सिंगने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा पहिला गोल होय.