सांगितलेला इतिहास : आयर्लंडांतील सामान्य जनांचीं आत्मकथनें

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें प्रथम कागद उभा राहतो. अस्सल पत्र, सनद, ताळेबंद, शिक्कामोर्तब झालेला निवाडा यांस आम्ही पहिलें स्थान देतों, आणि लोकांच्या तोंडून ऐकलेली हकीकत दंतकथेच्या सदरांत टाकून मोकळे होतों. ही सावधगिरी सामान्यतः योग्यच आहे. परंतु ज्या देशांत कागद उरला नाहीं, किंवा ज्या माणसांविषयीं कोणीं कागद केलाच नाहीं, तेथें संशोधकानें काय करावें? या प्रश्नास आयर्लंडनें गेल्या शतकांत जें उत्तर दिलें तें, त्यांतील गुणदोषांसह, वाचकांपुढें ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ता. ३० जून १९२२ रोजीं, यादवी युद्धाच्या आरंभींच, डब्लिन येथील ‘फोर कोर्ट्‌स’ या इमारतींत प्रचंड स्फोट होऊन आग लागली, व तेथील सरकारी दप्तरखाना भस्मसात् झाला. इ. स. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार शिरगणत्यांचे तक्ते, शेंकडों वर्षांचीं मृत्युपत्रें, आणि अनेक चर्चांच्या जन्ममृत्यूंच्या वह्या त्यांत बहुतेक नाहींशा झाल्या. १८६१ व १८७१ चे तक्ते तर सरकारनेंच पूर्वीं नष्ट केले होते. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळीं रद्दींत गेले. परिणाम असा झाला कीं, एकोणिसाव्या शतकांतील जमीनदाराची वंशावळ इतर कागदांवरून जुळवितां येते, पण त्याच्या कुळाच्या झोंपडींत कोण राहत होतें हें सांगणें फार कठीण होऊन बसलें.

त्या झोंपडींतील माणसांची स्मृति मात्र अद्याप जिवंत होती. ती टिपून घेण्यासाठीं १९२७ मध्यें लोकविद्येची एक संस्था निघाली, आणि १९३५ मध्यें सरकारनें ‘आयरिश लोकविद्या आयोग’ स्थापन केला. जेम्स डेलार्गी हे त्याचे मानद संचालक होते. त्यांस हा छंद जडला तो केरी प्रांतांतील शॉन ओ कॉनेल या कोळी-शेतकऱ्यामुळें. हा गृहस्थ १८५३ मध्यें जन्मला. शाळेंत कधीं गेला नाहीं. गॅलिकखेरीज दुसरी भाषा त्यास येत नव्हती. ऐकावयास कोणी उरलें नाहीं, म्हणून आपल्या गोष्टी विसरूं नयेत यासाठीं तो जवळपास कोणी नाहीं असें पाहून त्या मोठ्यानें, हातवारे करून, स्वतःशींच म्हणत असे. १९२३ पासून डेलार्गींनीं त्याच्याकडून जें उतरून घेतलें तें त्याच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं, १९४८ मध्यें, ग्रंथरूपानें बाहेर पडलें.

आयोगाची पद्धति लक्षांत घेण्याजोगी आहे. पगारी संग्राहक गांवोगांव हिंडत, आणि मेणाच्या नळ्यांवर ध्वनि उमटविणारें एक जड यंत्र बरोबर नेत. घरीं परतल्यावर नळीवरील शब्दन् शब्द वहींत उतरवावयाचा, आणि त्याबरोबर सांगणाराचें नांव, वय, गांव, तसेंच त्यानें ही हकीकत कोणाकडून व सुमारें केव्हां ऐकली हेंही नमूद करावयाचें, असा नियम होता. संग्राहक आपली स्वतंत्र रोजनिशीही ठेवीत. तींत कोणाच्या घरीं गेलों, कोणी बोलण्यास नाखूष होतें, हें सांपडतें. पैशाची चणचण इतकी कीं, मजकूर उतरवून झाल्यावर बहुतेक नळ्यांवरील मेण तासून त्या पुन्हां वापरीत. अशा रीतीनें शब्द राहिले, आवाज गेला.

याहून विलक्षण प्रयोग १९३७ ते १९३९ या काळांत झाला. स्वतंत्र राज्याच्या सव्वीस परगण्यांतील सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांतील पन्नास हजारांवर मुलांस आठवड्याच्या निबंधाऐवजीं घरच्या व शेजारच्या वृद्धांस विचारून लिहिण्याचें काम देण्यांत आलें. बाजार, घरगुती औषधें, जुन्या चोरट्या शाळा, जमीनदार, दुष्काळ, पवित्र झरे असे पंचावन्न विषय त्यांस नेमून दिले होते. अकरा ते चौदा वर्षांच्या या मुलांनीं जमविलेला संग्रह सुमारें सात लक्ष चाळीस हजार पानांचा भरला. राजकारणाच्या इतिहासांत ज्यांचें नांव यावयाचें कांहीं कारण नव्हतें, त्यांचीं नांवें या वह्यांत प्रत्येक हकीकतीखालीं आहेत.

तथापि सांगितलेली गोष्ट वहींत उतरतांना तींत कोणाकोणाचा हात लागतो हें न पाहतां ती घेणें धोक्याचें आहे. ग्रेट ब्लास्केट बेटावरील पेग सेयर्स हिचें उदाहरण बोधप्रद आहे. तिनें आपलें चरित्र मुलास तोंडीं सांगितलें, त्यानें तें लिहिलें, डब्लिनच्या एका विदुषीनें संपादिलें, व १९३६ मध्यें तें प्रसिद्ध होऊन पुढें पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून नेमलें गेलें. त्या पुस्तकांत ती सोशिक, भाविक म्हातारी दिसते. पुढें आयोगाच्या संग्राहकानें तिच्याकडून जें पुष्कळ वाङ्मय टिपलें त्यांत मात्र ती विनोदी, स्पष्टवक्ती व कथनांत अत्यंत निपुण अशी आढळते. बाई एकच, विचारणारा व वाचणारा बदलला एवढेंच. त्याच बेटावरील टोमास ओ क्रोहन या कोळ्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेलें आत्मचरित्र १९२९ मध्यें छापलें गेलें, तेंही संपादकाच्या कात्रींतून सुटलें नाहीं. तें बेट १९५३ मध्यें ओस पडलें.

सांगणारा काय सांगत नाहीं हेंही पाहावें लागतें. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची वस्ती ८१ लक्ष ७५ हजार होती. बटाट्याचें पीक कुजून १८४५ मध्यें जो महादुष्काळ सुरू झाला त्यानंतर, १८५१ मध्यें, ती ६५ लक्ष ५२ हजारांवर आली. या आपत्तीच्या शताब्दीस, १९४५ मध्यें, आयोगानें एक प्रश्नावली फिरवून ज्यांच्या आईबापांनीं व आजोबांनीं दुष्काळ पाहिला होता अशांच्या आठवणी गोळा केल्या. उत्तरें विपुल आलीं. पण अनेक कथनांत उपासमारीनें मेलेला मनुष्य वक्त्याच्या कुळांतला नसून शेजारचा, पलीकडच्या गांवचा किंवा वाटेवर पडलेला परका असतो. दहा लक्ष माणसें मेलीं आणि आपल्या घरांतलें कोणी मेलें असें म्हणावयास थोडेच पुढें आले! ही लबाडी नव्हे, लज्जा होय. आकड्यांनीं मृत्यु कळतात. ती लज्जा या कथनांवांचून कळली नसती.

सरकारनें १९४७ मध्यें नेमलेल्या लष्करी इतिहास मंडळानें नोव्हेंबर १९१३ पासून जुलै १९२१ पर्यंतच्या स्वातंत्र्यलढ्यांत भाग घेतलेल्यांच्या १,७७३ जबान्या दहा वर्षांत लिहून घेतल्या. त्यांत पुढाऱ्यांबरोबर निरोप्ये, परिचारिका, दुकानदार, शेतमजूर यांच्याही जबान्या आहेत. यादवी युद्धाचा काळ बुद्ध्याच वगळला होता. या जबान्या ८३ पोलादी पेट्यांत बंद करून ठेविल्या, व २००३ मध्यें जनतेस खुल्या केल्या. तोंवर बोलणारे सर्व निवर्तले होते. गुप्ततेच्या हमीमुळें माणसें मोकळेपणीं बोललीं हा लाभ. पण शेजाऱ्याच्या विधानास ‘असें घडलें नाहीं’ म्हणण्याची संधि कोणासच मिळाली नाहीं, ही हानि.

आतांपर्यंतचीं उदाहरणें जुन्या पिढीचीं झालीं. परंतु सांगितलेल्या शब्दाचें वजन किती, हा वाद आमच्याच काळांत त्या देशांत फार तीव्रतेनें उपस्थित झाला. अविवाहित मातांस व त्यांच्या अर्भकांस ज्या गृहांत ठेवीत त्यांपैकीं अठरा संस्थांची चौकशी करण्यासाठीं २०१५ मध्यें एक आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल जानेवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. या संस्थांतून सुमारें नऊ हजार मुलें दगावलीं असें त्यांत नमूद आहे. सुमारें साडेपांचशें स्त्रीपुरुषांनीं आयोगाच्या गोपनीय समितीपुढें आपली जीवनकथा सांगितली होती. पुढें असें उघड झालें कीं, त्यांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका पुसून टाकण्यांत आल्या होत्या. अनेकांनीं आपणांस याची कल्पना दिली नव्हती असें सांगितलें, आणि अहवालांतील सारांश आपल्या बोलण्याशीं जुळत नाहीं अशी तक्रार केली. हीं कथनें शपथेवर नव्हतीं, म्हणून मुख्य निष्कर्षांत त्यांस तेवढें वजन देतां आलें नाहीं, असा खुलासा आयोगाच्या एका सदस्याकडून झाला. फेब्रुवारी २०२१ मध्यें त्या मुद्रिका राखीव प्रतींतून परत मिळविण्यांत आल्या, हें सुदैव.

मेणाची नळी तासणारा गरीब संग्राहक व हा आयोग यांतील भेद आमच्या मतें महत्त्वाचा आहे. पहिल्यानें आवाज पुसला, पण त्यापूर्वीं शब्दन् शब्द सांगणाराच्या नांवानें लिहून ठेविला. दुसऱ्यानें सारांश ठेविला, आणि तो खरा कीं खोटा हें पडताळण्याचें एकमेव साधन नाहींसें केलें.

तोंडी साक्षीचा हा प्रश्न मराठी दप्तरें चाळणारास अगदींच अपरिचित नाहीं. वतनाच्या तंट्यांत गोतसभा गांवच्या वृद्धांस विचारी, आणि महजरांत त्यांचें म्हणणें त्यांच्या नांवनिशीवार उतरे. म्हणजे आज आम्ही ज्यास अस्सल कागद म्हणून मानतों त्यांतील पुष्कळ भाग मुळांत कोणीतरी बोललेला शब्दच आहे. कागदास योग्यता आली ती कोण बोललें, कोणापुढें बोललें व कोणीं लिहिलें हें त्यावर असल्यामुळें. आयर्लंडांतील कथनांस लावावयाची कसोटीही हीच, आणि तींत आणखी दोन कलमें घालावीं लागतात : सांगणारानें काय टाळलें याची नोंद व्हावी, आणि मूळ कथन व सारांश यांत तफावत पडल्यास मूळ कथनाकडे जातां यावें. सांगणारा हयात असेल तर तो सारांश प्रथम त्यास वाचून दाखवावा. कारण चुकीच्या सारांशाचें दुःख सोसावें लागतें तें त्यालाच.