मुरगळलेला पाय अंगावर काढू नका



या पानावर मी नेहमी बेणे, खत नि पाण्याबद्दल लिहितो. यावेळी पायाबद्दल लिहितो. शेती शेवटी पायावरच उभी असते.

मागच्या पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरून पोफळीला पाहुण्यांकडे गेलो होतो. शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवर पाय सरकला. घोटा सुजला. "मुरगळलाय, तेल लावून चोळा," चौघांनी सांगितले. चोळला, पट्टी बांधली आणि लंगडत बांधावरून फिरत राहिलो. अडीच महिन्यांनी फोटो काढला, तर आतल्या घोट्याचे हाड मोडलेले. जागेवर होते, पण सांधले नव्हते. सांध्यात हाडाची एक कपचीही होती.

डॉक्टरांनी दोन बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून कपची काढली. फोटोच्या यंत्रावर बघत लहानशा छेदातून हाडात स्क्रू बसवले. जखम लहान, त्यामुळे टाके थोडे. पण पाय टेकायला सहा आठवडे लागलेच.

१९३१ साली अमेरिकेतील बर्मन यांनी घोट्याचा सांधा दुर्बिणीला फार अरुंद ठरवला होता. जपानच्या ताकागींनी १९३९ मध्ये ते करून दाखवले, पुढे १९७२ मध्ये वातानाबे यांनी बरेच रुग्ण तपासले. मात्र हाड वाकडे जुळले असेल, तर छिद्रातून भागत नाही. मोठा छेद घेऊन ते कापून पुन्हा जुळवावे लागते. म्हणून उशीर नको.

एवढ्याशा फरकाने काय होते? रॅम्से व हॅमिल्टन यांनी १९७६ मध्ये दाखवले की, घोट्यातले हाड एक मिलिमीटर बाहेर सरकले, तरी सांध्याचा टेकणारा भाग ४२ टक्क्यांनी घटतो. मग झीज होणारच. खोडकिडीसारखेच हे : पोंगा वाळल्यावर दिसते, पण नुकसान आधीच झालेले असते.

मग ओळखायचे कसे? कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये डॉक्टरांनी सोपे नियम घालून दिले. घोटा दुखतोय आणि आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर दुखते, किंवा पडल्या वेळी आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नाहीत, तर फोटो काढावा. साध्या फोटोत कधी मोड दिसत नाही. दुखणे टिकले तर पुन्हा दाखवावे, गरज पडल्यास सी. टी. स्कॅन करावा.

आणखी एक. विडी-तंबाखूने हाड जुळायला वेळ लागतो, मधुमेहानेही. तेवढे डॉक्टरांना खरे सांगा.

तोडणीच्या गडबडीत सरीत पाय मुरगळला, तर "बघू हंगाम संपल्यावर" म्हणू नका. तोडणी मजुरालाही तेच सांगा. ऊस एक दिवस थांबेल, पाय थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी