शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा हिशेब

पुण्यातील मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी धावू लागली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी तिचा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत येऊन पोहोचला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने या सुमारे ३१ किलोमीटरच्या प्रकल्पास मंजुरी दिली, तेव्हा त्याचा खर्च ११,४२० कोटी रुपये धरण्यात आला होता. एवढे भांडवल गुंतविल्यावर त्याचे पुरेपूर फळ पदरात पडावे, ही नागरिकांची अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे. परंतु स्थानकाबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाचा पुढील अर्ध्या किलोमीटरचा अनुभव काय आहे? पदपथ कोठे विजेच्या डीपीने अडविलेला, कोठे सोसायटीच्या फाटकापाशी एकाएकी खाली उतरलेला, कोठे दुचाकींनी व्यापलेला, तर कोठे मुळीच अस्तित्वात नसलेला. वातानुकूलित डब्यातून उतरलेली वृद्ध स्त्री धावत्या वाहनांच्या कडेकडेने घर गाठते; किंवा, असे एकदोनदा झाले की पुढच्या वेळी घरूनच रिक्षा करते.

पूरक वस्तू म्हणजे काय, हे सांगताना अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके चहा आणि साखर यांचे उदाहरण देतात. मेट्रो आणि पदपथ यांचे नाते त्याहून घट्ट आहे, कारण बिनसाखरेचा चहा पिणारे पुष्कळ आढळतात. एक साधा हिशेब करून पाहावा. प्रवासी स्थानकापर्यंत ५०० मीटर चालावयास तयार असेल, तर स्थानकाभोवतीच्या त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७९ हेक्टर भरते. रस्ता सावलीचा, सलग आणि निर्धोक असल्यामुळे तोच प्रवासी ८०० मीटर चालू लागला, तर हे क्षेत्र सुमारे २०१ हेक्टरांवर जाते, म्हणजे अडीचपटीहून अधिक होते. नदी, लोहमार्ग, बंद गल्ल्या यांमुळे प्रत्यक्षात पूर्ण वर्तुळ कधीच हाती लागत नाही, हे खरे. तथापि एकही डबा न वाढविता प्रवासी वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय प्रस्तुत लेखकास तरी ठाऊक नाही.

मग हा स्वस्त उपाय उपेक्षित का राहतो? त्याचे कारण अधिकाऱ्यांच्या अनास्थेपेक्षा हिशेबाच्या वह्यांत अधिक आहे. मेट्रोला तिकिटाचे उत्पन्न आहे आणि तिची परतफेड ठरलेली असते. म्हणून युरोपियन गुंतवणूक बँकेसारख्या संस्था तिला कर्ज देतात. पदपथाला तिकीट नाही, म्हणून त्याला सावकारही नाही. पदपथ महापालिकेने बांधावयाचा, त्यामुळे वाढलेल्या प्रवाशांचे भाडे मात्र मेट्रो कंपनीच्या खात्यात जमा व्हावयाचे; आणि वाहनखरेदीवरील मोटार वाहन कर जातो तो राज्याच्या तिजोरीत. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तेथे गुंतवणूक गरजेपेक्षा कमीच होणार. पदपथाच्या वाट्याला येतो तो किरकोळ निधी. त्यातून मार्चअखेर चांगल्या फरश्या उखडून नवे पेव्हर ब्लॉक बसविले जातात. पुणेकरांना 'स' यादी म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको!

पैसा उपलब्ध झाला तरी तो कोणत्या खात्यातून येतो, यावरच कामाचे रूप ठरते. मुंबईत एमएमआरडीएकडे भांडवली कामांसाठी निधी होता. त्यातून २००८ पासून स्थानकांबाहेर स्कायवॉक उभे राहिले. पादचाऱ्याला रस्त्यावर जागा देण्याऐवजी त्याला हवेत उचलण्याची ही योजना होती. जिने चढावे लागतात म्हणून अनेकांनी खालचाच रस्ता पसंत केला. वांद्र्याचा पहिला स्कायवॉक तर काही वर्षांतच धोकादायक ठरून बंद करावा लागला आणि पुढे पाडण्यात आला. त्याच मुंबईत परळ-एल्फिन्स्टन भागातील गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे आले, माणसांची रीघ लागली, आणि स्थानकाचा पादचारी पूल मात्र होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांनी प्राण गमावले. त्यानंतर लष्कराला पाचारण करून काही महिन्यांत नवा पूल उभारण्यात आला.

देशातील रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात ३२ हजारांहून अधिक पादचारी मृत्युमुखी पडले. पादचाऱ्यांना अडथळाविरहित पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. धोरणांचाही तुटवडा नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर स्थानकांच्या परिसरात पूरक बससेवा व पायवाटा देण्याची हमी राज्यांनी प्रकल्प अहवालातच द्यावी, असे म्हटले आहे. उणीव आहे ती रकमेच्या बंधनाची.

असे बंधन अशक्य नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७१ मध्ये कायदा करून महामार्ग निधीचा किमान १ टक्का पादचारी व सायकल मार्गांसाठी राखून ठेवला. चेन्नई महापालिकेने २०१४ च्या धोरणात वाहतुकीवरील तरतुदीपैकी ६० टक्के रक्कम चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी ठेवण्याचे ठरविले. आपल्याकडे साधन तयारच आहे. मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी घरखरेदीच्या दस्तावर १ टक्का अधिभार १ एप्रिल २०२२ पासून पुण्यामुंबईत वसूल होत आहे. मेट्रो जवळ आली म्हणून ज्याच्या जागेची किंमत चढली, त्याच्याकडून हा भाग घेणे न्याय्यच आहे. स्थानकापर्यंतचा पदपथ हा मेट्रोचाच अवयव होय, असे एकदा मान्य केले की या अधिभाराचा ठरावीक हिस्सा स्थानकाभोवतीच्या ८०० मीटरांसाठी बांधून देण्यास तत्त्वतः हरकत राहात नाही. कायद्यात त्यासाठी दुरुस्ती लागणार असेल तर ती करावी.

देखभालीसाठी दुसरा स्रोत हवा, आणि तो म्हणजे रस्त्यावरील पार्किंगचे शुल्क. सुमारे १२ चौरस मीटर सार्वजनिक जमीन मोटारमालकास फुकट वापरू देणे हे अनुदानच आहे. ते अंदाजपत्रकात दिसत नाही इतकेच. पुण्यात २०१८ मध्ये पार्किंग धोरण संमत झाले, पण विरोधापुढे ते पुढे अनेक वर्षे कागदावरच राहिले. जमा होणारा पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर खर्च होणार आहे, असे लेखी आश्वासन दिले असते, तर कदाचित हा विरोध इतका एकमुखी झाला नसता.

फेरीवाल्यांना हुसकले की पदपथ मोकळे होतील, हा समज मात्र अपुरा आहे. २०१४ च्या कायद्याने त्यांनाही संरक्षण दिलेले आहे, आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्या स्त्रीला भाजीवाल्याचा दिवा हा सोबतीसारखाच वाटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे किमान १.८ मीटर रुंदीची वाट सलग मोकळी राहिली, तर उरलेल्या जागेत पुष्कळांची सोय लावता येते. म्हणून कामाचे मोजमाप किती चौरस मीटर फरशी बसविली यावर नव्हे, तर स्थानकापासून किती अंतर न अडखळता चालता येते यावर व्हावे. स्वारगेट, शिवाजीनगर आणि पुणे स्टेशन येथे एसटी, पीएमपी, रेल्वे यांपैकी दोन तरी सेवा मेट्रोला येऊन मिळतात. या तीन ठिकाणांपासून आरंभ करून असे मोजमाप दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर सर्वसाधारण सभेपुढे ठेवता येईल. त्यासाठी कोणत्याही बँकेच्या कर्जाची आवश्यकता नाही.