बाणांच्या पलीकडचा सेबास्तियन

खांबाला जखडलेला, सर्वांगात बाण रुतलेला आणि तरीही ऊर्ध्वदृष्टी लावून उभा असलेला तो सुकुमार तरुण युरोपीय चित्रकारांनी इतक्या वेळा रंगविला आहे की, संत सेबास्तियन म्हणताच दुसरे काही डोळ्यांपुढे येतच नाही. वस्तुतः परंपरेप्रमाणे त्या बाणांनी त्याला मृत्यू आलाच नव्हता, आणि त्याचे खरे शौर्य त्यानंतरचे आहे.

इतिहासाच्या दफ्तरी त्याच्याविषयीचा निर्विवाद ऐवज थोडा आहे. इ. स. 354 च्या रोमन पंचांगात 20 जानेवारी ही त्याची तिथी आणि आप्पिया मार्गालगतचे त्याचे दफनस्थान नमूद आहे. पुढे त्याच शतकात मिलानचा धर्माध्यक्ष अँब्रोज याने तो मूळचा आपल्याच नगरीचा असल्याचे लिहून ठेवले. बाकीचा वृत्तान्त पाचव्या शतकातील चरित्रकाराचा. त्यात भाविकतेने घातलेली भर पुष्कळ आहे, आणि ती ओळखूनच तो वाचला पाहिजे.

या चरित्रानुसार सेबास्तियन हा सम्राट डायोक्लेशियनच्या अंगरक्षक दलातील मर्जीतला सरदार. ही चाकरी त्याने पत्करली ती बंदीत पडलेल्या आपल्या धर्मबंधूंना धीर देता यावा म्हणून. मार्कस आणि मार्सेलियन हे जुळे भाऊ मातापित्यांच्या आक्रोशाने डळमळू लागले, तेव्हा त्यांना सावरणारा हाच. अखेर त्याची श्रद्धा उघडकीस आली आणि सम्राटाच्या हुकुमावरून तिरंदाजांनी त्याला बाणांनी विंधले. तो मेला असे समजून ते निघून गेले. परंतु प्रेत नेण्यासाठी आलेल्या आयरीन नावाच्या विधवेला त्याच्यात धुगधुगी आढळली आणि तिने त्याला घरी नेऊन बरे केले. आप्तांनी रोम सोडण्याची विनवणी केली. ती न मानता, सम्राट ज्या वाटेने जाणार होता त्या वाटेवर तो स्वतः होऊन उभा राहिला आणि निरपराध ख्रिस्ती प्रजेच्या छळाबद्दल त्याने त्याला तोंडावर दोष दिला. या वेळी सोट्यांनी त्याचा प्राण घेण्यात आला, शव नगराच्या मोठ्या गटारात फेकण्यात आले, आणि लुसिना नावाच्या स्त्रीने ते काढून भूमिगत दफनभूमीत पुरले.

लोकश्रद्धेने मात्र बाणच उचलले, आणि त्यालाही सबळ कारण होते. महामारी म्हणजे देवतेने सोडलेले बाण, ही कल्पना होमरच्या काव्याइतकी जुनी. तेव्हा जो बाणांतून वाचला तो आपल्यालाही वाचवील, असा आर्तांचा विश्वास बसला. 680 च्या साथीत पाव्हिया नगरीत त्याच्या नावे वेदी उभारल्यावर साथ शमली, असे इतिहासकार पॉल डीकन सांगतो. चौदाव्या शतकातील भीषण प्लेगनंतर तर त्याची उपासना सर्वत्र फोफावली. रोममधील सातव्या शतकाच्या एका कुट्टिमचित्रात तो दाढीधारी प्रौढ योद्धा आहे. कोवळा तरुण तो पुढे झाला. मला ते जुने चित्रच सत्याला अधिक जवळचे वाटते.

पोर्तुगिजांची त्याच्यावर विशेष भक्ती. 1554 साली त्याच्याच तिथीला जन्मलेल्या राजपुत्राला त्याचे नाव मिळाले, आणि 1565 मध्ये वसविलेल्या रिओ द जानेरो नगरालाही. केरळात अर्थुंकल येथे त्याचा जानेवारीतला उत्सव मोठा असतो आणि शबरीमलैहून परतणारे हिंदू यात्रेकरूही तेथे दर्शन घेतात. आपल्या पणजीत, फोंताईन्यश भागात, त्याच्या नावाचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. तेथील मोठा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. ते धर्मन्यायालय 1812 साली कायमचे बंद झाले; श्रद्धेपायी राजसत्तेने मारलेल्या सैनिकाच्या छायेखाली तो क्रूस आला, हे उचितच झाले.