ब्लॉग म्हणजे काय नव्हे

कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्यांवर मोबाइल उंच धरून बोलणारी मुलं स्वतःला ‘ब्लॉगर’ म्हणवतात. ती करतात तो व्लॉग, म्हणजे चित्रफीत. ब्लॉग हे लेखन आहे. आपल्या पानावर, आपल्या नावाने किंवा टोपणनावाने केलेलं, तारीखवार, नवं वर आणि जुनं खाली. १९९९ साली ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि संकेतस्थळ बांधता न येणाऱ्यालाही लिहिणं शक्य झालं. २००३मध्ये गूगलने ती विकत घेतली, त्याच वर्षी वर्डप्रेस आलं. दोन्हीकडे आजही पैसे न भरता मराठीत लिहिता येतं, तेव्हा खर्चाची आणि इंग्रजीची भीती निराधार आहे.

‘ब्लॉग म्हणजे रोजनिशी’ ही समजूत जास्त नुकसान करते. पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र सरकारच्या हाती पडलं आणि १८७९च्या खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं. रोजनिशी अशी असते, परक्याच्या हाती गेली तर घात करणारी. ब्लॉग मुळातच अनोळखी माणसासाठी लिहायचा असतो. म्हणून आज आपल्याला कसं वाटलं यापेक्षा सातबाऱ्यातली चूक दुरुस्त करायला कोणकोणते कागद द्यावे लागले, गाढी नदीचं पाणी कोणत्या पावसात कुठवर चढलं, शेंगा भाजायच्या पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला कसा रचायचा, हे लिहिणारा ब्लॉग वाचकाच्या उपयोगी पडतो. असं काही माहीत असलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. ‘मी कुठला लेखक’ म्हणून ती गप्प राहतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

‘फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि ब्लॉग संपले,’ असंही म्हणतात. लिहिणारे कमी झाले हे खरं आहे. पण ब्लॉग जे काम करतो ते व्हॉट्सअ‍ॅपने कधी हाती घेतलंच नाही. तिथला मजकूर गटाबाहेरच्या माणसाला शोधून सापडत नाही आणि चार गटांत फिरेपर्यंत लिहिणाऱ्याचं नाव गळतं, तारीखही गळते. ब्लॉगवरच्या प्रत्येक लेखाला स्वतंत्र पत्ता असतो. तो शोधयंत्राला सापडतो, आणि दहा वर्षांनी आलेल्या वाचकालाही लेख केव्हाचा ते कळतं.

तारखेचं मोल आपल्या पनवेल भागाइतकं क्वचितच कुठे कळेल. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. इर्शाळगडाच्या जुन्या भटकंतीवर्णनांत मात्र वाडी अजून नांदती आहे, गडाची वाट तिच्यातूनच वर चढते. नेटवर वर आलेली माहिती ती आजची, असं धरून चालणारा इथे चुकेल. वर्णन वाचण्याआधी तारीख बघायची. पण हीच जुनी वर्णनं आता वाडी कशी होती याची साक्ष आहेत, आणि ती लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही तेव्हा याची कल्पना नव्हती. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे यांच्यासह दहा गावं नवी मुंबई विमानतळासाठी उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं. भूसंपादनाचे आकडे सरकारी कागदांत मिळतील. गावातली जत्रा, विहीर, खाडीवरची मासेमारी त्या कागदांत नाही. ती ज्याने पाहिली आहे त्यानेच लिहायला हवी.

आता ‘ब्लॉग संपले’च्या उलटा गैरसमज. ‘इंटरनेटवर टाकलं की कायमचं राहतं.’ राहत नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये, आणि तिथल्या मराठी चर्चा त्यांच्याबरोबर गेल्या. युनिकोडपूर्वी शिवाजी, किरण अशा फॉन्टांत लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसतो आणि शोधूनही सापडत नाही. म्हणून ब्लॉगचा बॅकअप अधूनमधून आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा. त्याची सोय सेटिंग्जमध्येच असते. महत्त्वाच्या लेखाचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जतन करणंही विनामूल्य आहे.

कायद्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना वाटतं, सरकारवर टीका केली की पोलीस उचलणार. त्या भीतीला कारण घडलं होतं. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या एका तरुणीला आणि तो मजकूर ‘लाइक’ केल्यामुळे दुसरीला अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. दुसरीकडे, आपल्या पानावर काहीही लिहावं असं मानणारे आहेत. तेही चूक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि मजकूर छापील आहे की ब्लॉगवरचा, याने फरक पडत नाही. नगरसेवकाच्या कामावर लिहा, खड्ड्याचा फोटो तारखेसह द्या. पुरावा हाताशी नसेल तर लाच घेतल्याचा आरोप करू नका.

राहिला ‘नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं’ हा समज. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहून झाला की हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. पोपटीची रीत कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, ती तुम्ही आपल्या शब्दांत खुशाल लिहू शकता. दुसऱ्याने शब्दांत मांडलेलं वर्णन जसंच्या तसं उचलायचं असेल, तर त्याची परवानगी घ्यावी लागते. नुसतं खाली ‘साभार’ लिहिल्याने ती मिळत नाही.