शेकोटीपासून ओट्यापर्यंत

सेलू तालुक्यातलं काळ्या मातीचं गाव. जानेवारीचा पहिला पंधरवडा सरत आलाय. सकाळचे सात वाजलेत आणि आज बोलताना तोंडातून वाफ निघत नाही. पारासमोरची शेकोटी कुणी पेटवलेलीच नाही. पऱ्हाट्यांचा ढीग तसाच पडलाय. कालच्या राखेत एक कुत्रं अंग मुडपून झोपलंय.

"आज किती?" पारावरचा म्हातारा मफलर कानाखाली ओढत विचारतो.

थंडीत इथला सकाळचा पहिला प्रश्न हाच. उत्तर परभणीच्या कृषी विद्यापीठात नोंदलेल्या तापमानाचं. कालपर्यंत आकडा एक अंकी होता, आज दहाच्या वर चढलाय. २०१८च्या डिसेंबरअखेरीस तो २ अंशांवर उतरला होता. त्या सकाळी पाण्याच्या टाकीला हात लावणं कसं नको झालं होतं, हे अजून सांगितलं जातं. मे महिन्यात हाच पार ४४ अंशांत भाजून निघतो.

आभाळात मळभ आहे. उत्तरेचा कोरडा वारा पडलाय, पूर्वेकडून दमट हवा येतेय. ढग दाटले की रात्रीची ऊब निसटत नाही, थंडी मागं सरते. लेकरांचे स्वेटर कंबरेला बांधले जातात. शेतकऱ्याचा जीव मात्र याच ढगांनी खालीवर होतो. ज्वारीवर चिकटा पडेल का? घाटेअळी हरभरा ठेवेल का? पारावरून उठलेला माणूस थेट शेताकडे निघतो.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आज पुस्तकांची पेटी उघडायची आहे. खोलीच्या दाराशी रांग लागलीय. पुढचा मागच्याला कोपरानं ढकलतोय. पत्र्याच्या पेटीचं झाकण करकरतं आणि डांबरगोळ्यांचा वास बाहेर येतो. वरच 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीनं नोव्हेंबर १९७१मध्ये सुरू केलेलं हे मासिक इथं हाताळून हाताळून मऊ पडलंय. पाठीला चिकटपट्टी, कोपरे दुमडलेले. दुसरीतला एक पोरगा पाच पुस्तकं चाळतो, सहावं घेतो. त्याच्यावर वाघ आहे.

गुरुजी रजिस्टरात नाव लिहितात आणि प्रत्येकाला एकच विचारतात, "मागचं घरी कुणाला वाचून दाखवलंस?" 'काय शिकलास' असं विचारत नाहीत. 'तात्पर्य सांग' म्हणत नाहीत. कुणी आजीचं नाव सांगतं, कुणी धाकट्या भावाचं. एकजण मान खाली घालतो. "मग आज मला दाखव," गुरुजी म्हणतात. एवढी साधी गोष्ट; पण मला वाटतं, लेकरू वाचायला लागतं ते इथंच.

दुपारी शेतात आगटी पेटलेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं खोचलेली. भाजलेलं कणीस हातावर चोळलं की हिरवे, गरम दाणे सुटतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. चौथीतली मुलगी बांधावर मांडी घालून बसलीय. एका हातात हुरडा, दुसऱ्यात पुस्तक.

"हात पूस की गं आधी," बाप ओरडतो.

उशीर झालेला असतो. पानाच्या कडेला काजळीचा अंगठा उमटलाय, रेषांसकट.

दिवेलागण होते. आठवडाभर या वेळेला दारं लागत होती. घर गोधडीत शिरत होतं आणि मुलगी बल्बखाली, नाकापर्यंत पांघरूण घेऊन वाचत होती. आज दार सताड उघडं आहे. सगळे ओट्यावर. आजी वाती वळतेय. मुलीच्या मांडीवर 'श्यामची आई'. साने गुरुजींनी तिचा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिला. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस. या घरात रोज एक रात्र वाचायची असं ठरलंय. आज नववी, मोरी गाय.

बोट ओळीवरून सरकतं. जोडाक्षरापाशी थांबतं. मुलगी ओठ हलवून पाहते. कुणी शब्द पुरवत नाही. सगळे थांबतात. शब्द निघतो.

"मंग?" आजी विचारते. ती शाळेत कधी गेलेली नाही. तिची वात हातातच राहिलीय.

"मोठ्यानं वाच माय, मला ऐकू येईना," चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या आईचा आवाज येतो.

बाप मोबाइल उलटा करून ठेवतो. शेजारचं पोर कठड्याला येऊन टेकतं. पुस्तकातलं गाव कोकणातलं. या मुलीनं समुद्र पाहिलेला नाही. पण गाय दारात आहे. आईच्या हाताला सवकलेली गाय कशी असते, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती वाचता वाचता गोठ्याकडे पाहते, ओळ हरवते, पुन्हा शोधते. एक पान व्हायला बराच वेळ लागतो. घाई कुणालाच नाही.

जानेवारीत हुरडा खायला परभणीकडे पाहुणे पुष्कळ येतात. तुम्हीही आलात, तर मिठाईचा डबा आणू नका. मोठ्या अक्षरांतलं एखादं गोष्टीचं पुस्तक आणा. आणि ते हातात देऊन लगेच निघू नका. ओट्यावर बसा, लेकराकडून एक पान तरी ऐका.