जमिनीखालचा विस्तव

पुण्याच्या एका वाचकाची मुलगी टोरांटोत घर बांधते आहे. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या, वर ओकच्या फळ्या असा बेत आहे. वडिलांना धास्ती, की खालून ऊब लागल्यावर लाकूड प्रसरण पावून उचकटेल.

धास्ती रास्त आहे, पण आरोपी चुकीचा धरलाय. रेड ओकची 57 मिलिमीटर रुंद फळी 10 अंशांनी तापवली, तर ती रुंदीत वाढते जेमतेम 0.02 मिलिमीटर. तिच्यातला ओलावा 9 टक्क्यांवरून 5 वर उतरला, तर मात्र ती 0.8 मिलिमीटर आकसते. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एटीएम कार्ड सरकेल एवढी फट!

आपल्याकडे हे गाडीवानांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे आरे खुळखुळू लागले, लोखंडी धाव सैल झाली, की चाक पाण्यात भिजत ठेवायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, चाक पुन्हा घट्ट. पावसाळ्यात न लागणारं दारही याच पंथातलं.

टोरांटोत उन्हाळ्याचं काम हिवाळाच करतो. उणे 10 अंशांच्या हवेत घनमीटरमागे वाफ मावते 2 ग्रॅमच्या आसपास. तीच हवा घरात शिरून 21 अंशांवर गेली, की तिची कुवत होते 18 ग्रॅमची. वाफ तेवढीच, तहान नऊपट. ही तहान ती जिथून मिळेल तिथून भागवते. म्हणजे भिंतीवरचा हीटर असला तरी फळ्या वाळणारच. खालची ऊब त्यात भर घालते एवढंच.

गंमत अशी, की ज्यांनी जमीन तापवण्याची कला शतकानुशतकं जोपासली, त्या कोरियन लोकांनी लाकूड तिच्यापासून लांबच ठेवलं. त्यांच्या जुन्या 'ओन्दोल'मध्ये चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळ्यांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडायचा. वर दगडी लाद्या, त्यावर माती आणि सर्वांत वर तेल पाजलेला जाड कागद. चुलीजवळची जास्त उबदार जागा वडीलधाऱ्यांची. लाकडी जमीनही त्याच घरात असायची, पण ती 'मारू' नावाच्या ओसरीला, उन्हाळ्यात गार वाऱ्यात बसायला. तिच्याखाली विस्तव नसे.

वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट इम्पीरियल हॉटेलच्या कामानिमित्त टोकियोत असताना बॅरन ओकुरांच्या घरी अशा एका 'कोरियन खोली'त बसला आणि भारावून गेला. पुढे 1937 साली अमेरिकेतल्या मॅडिसन गावी जेकब्स दांपत्याच्या घरात त्याने जमिनीखाली नळ्या घातल्या. वर काय? काँक्रीट. आधुनिक तापत्या जमिनीचं श्रेय देताना राइटचं नाव हटकून येतं. कागदाला तेल पाजणाऱ्या कोरियन घरांची आठवण मात्र त्या मानाने कमीच होते. राइटने स्वतः ती लिहून ठेवली, हे त्याचं मोठेपण.

मग ओक नकोच? तसं नाही. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून वलयं उभी येतील अशी चिरलेली, अरुंद फळी घ्यावी. त्याहून बरी ती प्लायवूडसारखे आडवे-उभे थर चिकटवलेली फळी, कारण त्यात प्रत्येक थर शेजारच्याला आवरून धरतो. 'अस्सल एकसंध लाकूड' म्हणून जादा पैसे मोजायला लावणारी जाहिरात इथे खुशाल दुर्लक्षावी.

नवं काँक्रीटही पाणी धरून असतं. फळ्या बसवण्याआधी नळ्यांतून गरम पाणी खेळवून ते नीट वाळू द्यावं. ओलावा मोजायचं यंत्र लावल्याशिवाय सुताराला खिळा मारू देऊ नये. पृष्ठभागाचं तापमान 27 अंशांच्या आत ठेवावं आणि हिवाळाभर घरातल्या हवेला थोडी वाफ पाजत राहावी.

आणि वास्तुशांतीला जाताना मुलीसाठी जाडजूड गालिचा नेणार असाल, तर भिंतीवर टांगायचा न्या. जमिनीवर अंथरला तर ऊब खालीच कोंडेल आणि त्याच्याखालचा ओक आधी वाळेल.